कॅन्सरच्या रुग्णांचे दात आणि आरोग्य विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरचं निदान झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनकडे लागतं. दातांचा विषय निघतो तो फार उशिरा. विमा कंपनीकडे विचारणा केली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : दातांचे उपचार पॉलिसीत येत नाहीत. हे उत्तर दर वेळी बरोबर नसतं. दातावरच्या ज्या उपचाराशिवाय कॅन्सरचा उपचार सुरक्षितपणे होऊच शकत नाही, तो कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे. मात्र तसं कागदावर यावं लागतं, आणि तेही दात काढण्याआधी. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती आहेत.

कॅन्सरच्या उपचारांचा दातांशी संबंध काय?

संबंध तीन वाटांनी येतो. पहिली वाट रेडिएशनची. डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरला रेडिएशन साधारण ६ ते ७ आठवडे दिलं जातं आणि एकूण मात्रा बहुधा ६० ते ७० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) असते. त्यात लाळग्रंथी सापडल्या की लाळ आटते. लाळ दात धुते, आम्ल शमवते, झिजलेल्या दाताला खनिजं परत देते. ती गेली की काही महिन्यांतच कीड लागते, आणि ही कीड नेहमीसारखी दाढेच्या खाचेत सुरू होत नाही. हिरडीच्या अगदी वर, दाताच्या मानेभोवती ती गोल फिरत जाते, समोरच्या दातांच्या कडा तपकिरी होऊन झडू लागतात, आणि एखादा दात करवतीने कापल्यासारखा हिरडीपाशी तुटतो. याच रेडिएशनने जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही कमी होतो. अशा हाडातला दात नंतर काढला तर जखम भरत नाही आणि हाड मरू शकतं. खालच्या जबड्याला हा धोका वरच्यापेक्षा जास्त असतो.

दुसरी वाट केमोची. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की दाताच्या मुळाशी गप्प बसलेला जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. आणि तिसरी वाट हाडं बळकट करणाऱ्या औषधांची. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण नेमकी तीच सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

पॉलिसीत ‘दातांचे उपचार वगळलेले’ असं स्पष्ट लिहिलंय. मग विचारण्यात काही अर्थ आहे का?

आहे. ते वाक्य तिथेच न सोडता पूर्णविरामापर्यंत वाचा. बहुतेक पॉलिसींत त्याच्यापुढे ‘शिवाय’, ‘वगळता’, ‘अपवाद’ असं काहीतरी असतं : अपघातामुळे लागणारा उपचार, आजारामुळे लागणारा उपचार, किंवा रुग्णालयात दाखल होऊन केलेली शस्त्रक्रिया. कॅन्सर हा आजार आहे. त्यामुळे ‘आजारामुळे आवश्यक’ हे शब्द असले तर तुमची बाजू भक्कम आहे. अपवाद फक्त अपघाताचा असेल तर वाट अवघड होते, पण बंद होत नाही. तेव्हा दाताचा खर्च कॅन्सरच्या उपचाराची पूर्वतयारी म्हणून मागावा लागतो.

पॉलिसीचं माहितीपत्रक आणि पॉलिसीचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपत्रकावर वाद घालू नका, करारावर घाला. करारातल्या चार जागा आधी पाहा : वगळलेल्या बाबी, ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ याची व्याख्या, दाखल होण्याआधीच्या आणि घरी सोडल्यानंतरच्या किती दिवसांचा खर्च मिळतो, आणि कृत्रिम अवयवांबद्दलचं कलम.

रेडिएशनच्या आधी तीन दाढा काढायला सांगितल्या आहेत. हा खर्च कशात बसतो?

आरोग्य विम्याकडे मागणी करायला सगळ्यात योग्य जागा हीच आहे. या दाढा आज दुखत असतीलच असं नाही. त्या काढायच्या त्या रेडिएशनसाठी, आणि रेडिएशन नसतं तर त्यांतल्या एखाददुसरीवर रूट कॅनाल करून भागलं असतं. हे कारण आरोग्य विम्याचं आहे, दंतविम्याचं नाही.

वेळेचं गणित मात्र कडक आहे. दात काढल्यावर जखम भरायला निदान दोन आठवडे, जमलं तर तीन, मिळायला हवेत. रेडिएशनची तारीख त्यासाठी फार पुढे ढकलता येत नाही, कारण तोवर कॅन्सर वाढतो. म्हणून रेडिएशन ठरतंय असं कानावर आलं त्याच दिवशी दंतवैद्याची वेळ घ्या, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. मंजुरीची वाट पाहत दाढा तशाच ठेवून रेडिएशनला जाऊ नका. पैसे अडकले तर नंतर भांडता येतं. रेडिएशन होऊन गेलेल्या जबड्यातून दात काढायची वेळ आली तर त्यावर असा सोपा उपाय नसतो.

डॉक्टरांच्या पत्रात नेमकं काय हवं?

माझ्या मते अर्धा दावा या पत्रावर ठरतो, आणि नेमकं तेच घाईत लिहिलं जातं. ‘रुग्णाच्या तीन दाढा काढाव्यात’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी विमा कंपनीच्या टेबलावर गेली, की तिथला माणूस ती दातांच्या फायलीत टाकतो. त्यालाही दोष देता येत नाही, कारण कॅन्सरचा त्या कागदावर उल्लेखच नाही.

आता हे पत्र पाहा : ‘रुग्णाला जिभेचा कॅन्सर आहे. खालच्या जबड्याच्या उजव्या भागावर सुमारे ६० ग्रे रेडिएशन पडणार आहे. त्याच भागातल्या दोन दाढांच्या मुळांशी संसर्ग आहे आणि तिसरीचं हाड झिजलं आहे, एक्स-रे सोबत जोडला आहे. या दाढा ठेवून रेडिएशन दिल्यास जबड्याचं हाड मरण्याचा धोका आहे, आणि रेडिएशननंतर त्या काढणं जास्त धोक्याचं आहे. जखम भरायला किमान दोन आठवडे हवेत. रेडिएशन अमुक तारखेला सुरू होणार असल्याने त्या अमुक तारखेपर्यंत काढणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे.’

दुसऱ्या पत्रात रोग आहे, जागा आहे, मात्रा आहे, पुरावा आहे, न केल्यास काय होईल ते आहे आणि तारीख आहे. वाचणाऱ्याला एकही प्रश्न उरत नाही.

हे पत्र कॅन्सरच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर असावं. दंतवैद्याचं पत्र सोबत जोडावं, पण ‘हे केल्याशिवाय मी रेडिएशन सुरू करू शकत नाही’ हे म्हणण्याचा अधिकार रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांचा. डॉक्टरांना वेळ नसतो, हे खरं आहे. मग वरच्यासारखा मसुदा तुम्हीच तयार करून न्या, मोकळ्या जागा सोडा आणि तपासून दुरुस्त करून सही द्या अशी विनंती करा. बहुतेक डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

बिलावरचे कोड काय असतात? ते मी पाहायला हवेत का?

पाहायला हवेत. आजारांना जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीप्रमाणे कोड दिलेले असतात. आयसीडी-१० या यादीत ओठ, तोंड आणि घसा यांचे कॅन्सर ‘सी ००’ ते ‘सी १४’ या गटात येतात, दातांची साधी कीड ‘के ०२’मध्ये, लाळेचे बिघाड ‘के ११.७’मध्ये आणि औषधांमुळे हाड मरणं ‘एम ८७.१’मध्ये. बिलावर नुसताच ‘के ०२’ असेल तर ते पहिल्याच चाळणीत बाद होण्याची शक्यता मोठी. कॅन्सरचा कोड मुख्य निदान म्हणून आणि दाताचा कोड त्याच्या जोडीला, असं हवं.

बिलही बाबवार फोडलेलं घ्या. ‘दंतोपचार’ असा एक आकडा चालणार नाही. कोणता दात, काय केलं, भूल, एक्स-रे, औषधं, सगळं वेगवेगळं. म्हणजे एखादी बाब नाकारली तरी बाकीच्या सुटतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. कॅन्सरशी संबंध नसलेला उपचार कॅन्सरच्या नावावर लिहून घेऊ नका. जुनी पिवळट कॅप बदलली आणि बिलावर ‘रेडिएशनपूर्व’ लिहिलं, हे उघड झालं तर खरा दावाही संशयात सापडतो, आणि पॉलिसी रद्द होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. कॅन्सर असताना पॉलिसी हातातून जाणं परवडणारं नाही.

पूर्वसंमती घ्यायलाच हवी का?

नियमात सांगितली असेल तर हो. सांगितली नसली तरी मागावी. लेखी होकार मिळाला तर उत्तम, आणि लेखी नकार मिळाला तरी त्यात कारण लिहिलेलं असतं, म्हणजे पुढची तयारी कशावर करायची ते कळतं. फोनवर ‘होईल हो’ असं कुणी म्हणालं त्याला काहीही किंमत नाही. फोन केलाच तर बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि त्याच संध्याकाळी ‘आपल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून ईमेल टाका.

तारीख जवळ असेल तर अर्जावर ‘तातडीचं’ असं ठळक लिहा आणि रेडिएशन किंवा केमोची तारीख पहिल्या ओळीत द्या.

माझा कॅन्सर स्तनाचा आहे, तोंडाचा नाही. मला हे का वाचायचं?

कारण स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस यांचे कॅन्सर हाडांत पसरले, किंवा मायलोमासारखा अस्थिमज्जेतला रक्ताचा कॅन्सर असला, की झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही औषधं दिली जातात. ती हाडं मोडण्यापासून वाचवतात आणि फार उपयोगाची आहेत. पण त्यांच्यामुळे काही रुग्णांत जबड्याचं हाड उघडं पडतं आणि मरतं. हा परिणाम वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्यांदा २००३ मध्ये मांडला गेला. दात काढणं हे त्याचं सगळ्यात नेहमीचं निमित्त असतं. सगळ्यांना हे होत नाही, बहुसंख्य रुग्णांना होतच नाही. पण ज्याला होतं त्याचा त्रास वर्षानुवर्षं चालतो.

म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधी दातांची तपासणी आणि काढायचे ते दात काढून घेणं, हा जगभर मान्य झालेला क्रम आहे. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे नंतर औषध थांबवून फारसं काही साधत नाही. ही तपासणी कॅन्सरच्या औषधासाठी आहे असं कर्करोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. ‘दात तपासून या’ असं ते तोंडी सांगतात आणि रुग्ण स्वतःच्या खर्चाने तपासून येतो. हे मला फार खटकतं, कारण एका ओळीच्या चिठ्ठीने तो दावा उभा राहू शकला असता.

पॉलिसी घेताना किंवा बदलताना ही औषधं चालू असतील तर ती अर्जात सांगायला विसरू नका.

केमो चालू असताना दात दुखायला लागला तर?

आधी कर्करोगतज्ज्ञांना फोन, मग दंतवैद्य. परस्पर दात काढून घेऊ नका. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तपेशी तळाला जातात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली असताना दातावरची ठरवून करायची कामं सहसा टाळतात, आणि तातडीचं असेल तर रुग्णालयातच, प्रतिजैविकं किंवा प्लेटलेटची सोय करून करतात.

विम्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. साधा दात काढणं बाहेरच्या क्लिनिकमध्ये होतं आणि म्हणून वगळलं जातं. पण रक्तपेशी खाली असल्याने ते रुग्णालयातच करावं लागलं, तर दाखल होण्याचं कारण दात नसून केमोने खाली गेलेल्या पेशी आहेत. त्या दिवसाचा रक्ताचा रिपोर्ट दाव्याला जोडा. या एका कागदाने चित्र बदलतं.

केमोने तोंड आलंय, पाणीही गिळवत नाही. हे दातांच्या उपचारात धरतात का?

धरू नये. तोंडाच्या आतल्या अस्तराला होणारी ही इजा कॅन्सरच्या उपचाराचा थेट दुष्परिणाम आहे आणि तिचा दातांशी संबंध नाही. वेदनाशामक, तोंड बधिर करणारी औषधं, नळीने अन्न, सलाइन, त्यासाठी दाखल होणं, हे सगळं आरोग्य विम्याच्या नेहमीच्या चौकटीत येतं. कुणी ‘तोंडाचा उपचार’ या शब्दावर अडवलं तर निदानाचं नाव पूर्ण लिहून घ्या : केमोमुळे झालेला म्यूकोसायटिस. (केमोच्या औषधांपैकी फ्लुरोयुरासिलचा झटपट डोस किंवा मेल्फालनचा मोठा डोस असेल तर त्या वेळी बर्फाचे तुकडे तोंडात धरून ठेवल्याने हा त्रास कमी होतो. विम्याचा प्रश्नच नाही, बिनखर्चाचं आहे. नर्सना जरूर विचारा.)

रेडिएशन संपून दोन वर्षं झाली. आता एकेक दात किडतोय. इतक्या उशिरा दावा होतो का?

सगळ्यात जास्त नकार इथे येतात, आणि सगळ्यात जास्त अन्यायही इथेच होतो असं मला वाटतं. रुग्णाने कॅन्सर सोसला, आता त्याचे दात एकामागून एक चाललेत, आणि त्याला सांगितलं जातं की ही साधी कीड आहे.

बाजू मांडायची तर तीन गोष्टी जोडा. रेडिएशनचा सारांश, ज्यात लाळग्रंथींवर पडलेली मात्रा दिसते. लाळ किती सुटते याची मोजणी, जी करायला सोपी आहे : ठरावीक वेळ लाळ एका भांड्यात जमवून मोजतात. आणि रेडिएशनपूर्वीचा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे आजच्या एक्स-रेच्या शेजारी. आधी धड असलेले दात आज मानेपाशी किडलेले दिसले की ‘साधी कीड’ म्हणणं अवघड जातं.

तरीही खरं सांगायचं तर भरण, रूट कॅनाल, कॅप यांचे पैसे आरोग्य विम्यातून निघणं पुष्कळ पॉलिसींत कठीणच असतं. हा खर्च घरून होईल असं धरून चाला आणि दावा तरीही करा. काढायची वेळ आलेला दात आणि त्यासाठी रुग्णालयात घ्यावी लागणारी काळजी, यांवर मात्र ठाम राहा.

फ्लोराइडचे ट्रे आणि जेल मिळतं का?

दातांच्या मापाचे मऊ ट्रे करतात, त्यांत जास्त ताकदीचं फ्लोराइड जेल भरून रोज काही मिनिटं दातांवर धरतात. लाळ गेलेल्या माणसाला हे जन्मभर करावं लागतं. ट्रे एकदाच होतात, म्हणून रेडिएशनपूर्व तपासणीच्या बिलातच ते घालून घ्या. स्वतंत्र बिल पुढे नेलं तर ते ‘टूथपेस्टसारखी वस्तू’ म्हणून परत येण्याचा संभव असतो. जेल मात्र दंतवैद्याच्या नव्हे, रेडिएशनच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असेल तर औषध म्हणून गणलं जाण्याची शक्यता वाढते.

जबड्याचं हाड उघडं पडलंय. हे दातांचं की हाडांचं?

हाडांचं. रेडिएशनमुळे झालेलं असो की औषधामुळे, तो हाडाचा आजार आहे आणि त्याची शस्त्रक्रिया ही जबड्याची शस्त्रक्रिया आहे. औषधामुळे झालं आहे असं म्हणायला हाड आठ आठवड्यांहून जास्त काळ उघडं असणं आणि त्या जबड्यावर रेडिएशन झालेलं नसणं, हा निकष डॉक्टर लावतात. म्हणून पहिल्यांदा दिसलं त्या तारखेची नोंद आणि फोटो जपून ठेवा. दाताचा डॉक्टर ऑपरेशन करतोय म्हणून ते दाताचं ऑपरेशन होत नाही. हे वाक्य नकारावरच्या उत्तरात जसंच्या तसं लिहायला हरकत नाही.

दाबाखालच्या ऑक्सिजनचे उपचार सुचवले गेले तर खर्चाआधी उपयोगाबद्दल विचारा. हाड मरणं टाळण्यासाठी या उपचाराचा फायदा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आला नव्हता, आणि विमा कंपन्या त्यावर बोट ठेवू शकतात.

टाळू काढलाय. त्यावर बसवायचा ऑब्च्युरेटर, जबड्याचं इम्प्लांट, कवळी : यांतलं काय मिळतं?

ऑब्च्युरेटर कवळीसारखा दिसतो, पण तो कवळी नाही. टाळूला पडलेलं भोक बुजवून तो खाणं नाकात जाऊ देत नाही आणि बोलणं कळेल असं ठेवतो. म्हणजे गेलेल्या अवयवाची जागा घेणारी ती वस्तू आहे, कृत्रिम पायासारखी. तो कृत्रिम अवयवांच्या कलमाखाली मागा, आणि तीन टप्पे आधीच सांगून ठेवा : ऑपरेशनच्या वेळचा, जखम भरताना वापरायचा आणि शेवटचा. नाहीतर दुसऱ्या बिलाला ‘एकदा दिलाय’ असं उत्तर येतं.

जबड्याचा तुकडा काढून तिथे पायाचं हाड बसवलं असेल तर ती पुनर्रचना शस्त्रक्रियेतच येते. त्या हाडात बसवायची इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातांना आधार देणारे स्क्रू, ही सगळ्यात वादाची बाब. चावण्या-गिळण्यासाठी ती लागतात की केवळ दिसण्यासाठी, यावर निकाल लागतो. गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांचा अहवाल आणि वजन किती घटलं त्याच्या नोंदी इथे उपयोगी पडतात. साधी पूर्ण कवळी बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

कॅन्सर कळल्यावर वेगळा दंतविमा घेऊ का?

घाईने नको. दंतविम्यात मोठ्या कामांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, वर्षाला ठरावीक मर्यादा असते, आणि तुम्हाला दात काढायचे आहेत ते येत्या दोन आठवड्यांत. उपचार संपल्यावर लाळ कमी राहिली असेल, म्हणजे भरण आणि साफसफाई वारंवार लागणार असेल, तेव्हा त्याचा हिशेब मांडून पाहा. हप्ता आणि वर्षाची मर्यादा शेजारी शेजारी लिहिली की निर्णय आपोआप होतो.

दंतविमा आधीपासून असेल तर पहिलं बिल आरोग्य विम्याकडे पाठवा आणि त्यांचा नकार जोडून दुसऱ्याकडे. उलट केलंत तर आरोग्य विमावाले म्हणतील की हे दाताचंच होतं, तुम्हीच तसं मानलंत.

गंभीर आजाराच्या पॉलिसीतून दातांचा खर्च होतो का?

होतो. अशा पॉलिसीत निदान झाल्यावर एकरकमी पैसे मिळतात आणि ते कशावर खर्च केले याचा हिशेब द्यावा लागत नाही. त्यातला थोडा भाग दातांसाठी आधीच बाजूला काढून ठेवा.

लहान मुलाचा कॅन्सर आहे. त्याच्या दातांचं काय?

दात तयार होत असतानाच केमो किंवा रेडिएशन झालं तर पक्के दात छोटे येतात, मुळं आखूड राहतात, काही दात येतच नाहीत. उपचाराच्या वेळी मूल जितकं लहान, तितका परिणाम जास्त. हे कळतं मात्र काही वर्षांनी, तारेच्या उपचारांची वेळ येते तेव्हा. आणि तारा म्हणजे दिसण्यासाठी असंच सगळे धरून चालतात. उपचाराच्या काळातच बालरोग कर्करोगतज्ज्ञांकडून एक पत्र घेऊन ठेवा की कोणती औषधं, किती मात्रेत, कितव्या वर्षी दिली गेली आणि दातांवर परिणाम अपेक्षित आहे. दहा वर्षांनी ते रुग्णालयातून शोधून काढणं फार कठीण जातं.

वेगवेगळ्या देशांत नियम सारखेच आहेत का?

नाहीत, आणि त्यांतला फरक पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी मेडिकेअरच्या कायद्यात दातांचे उपचार वगळलेलेच आहेत. तरीही मुख्य उपचारापासून वेगळा काढता येत नाही असा दंतोपचार त्यात बसतो, हे नियमांत स्पष्ट झालं आहे. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या उपचाराआधीची तपासणी आणि संसर्ग काढणं २०२४ पासून त्यात आहे, आणि त्याच वर्षीच्या नियमांत कॅन्सरसाठीची केमो, कार-टी उपचार (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देणं) आणि हाडांची जास्त मात्रेतली औषधंही आली. भारतात २०२० मध्ये आलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ‘आजार किंवा इजेमुळे आवश्यक’ दंतोपचाराचा उल्लेख आहे. इंग्लंडमध्ये कॅन्सरच्या रुग्णांना औषधांच्या चिठ्ठीचे पैसे २००९ पासून माफ आहेत, पण ते माफीचं प्रमाणपत्र दंतवैद्याच्या शुल्काला लागू होत नाही. पुष्कळांना हे खुर्चीवर बसल्यावर कळतं.

तुमची पॉलिसी कुठलीही असो, अमेरिकेतल्या नियमामागचा तर्क अपिलात वापरता येतो. तो वैद्यकीय तर्क आहे, त्याला देशाची हद्द नाही.

दावा नाकारला. आता?

नकाराचं पत्र लेखी मागा, त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं तेही मागा. ‘दंतोपचार वगळलेला’ असं कारण असेल तर उत्तरात कॅन्सरच्या उपचाराशी संबंध दाखवा. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ असं असेल तर मान्यताप्राप्त मार्गदर्शक सूचना आणि डॉक्टरांचं सविस्तर पत्र जोडा, आणि तुमची फाइल कर्करोगतज्ज्ञाने पाहावी अशी मागणी करा. ‘कागद अपुरे’ असं असेल तर तो नकार नाहीच, कागद द्या.

अपिलाला मुदत असते. ती पत्रात कुठेतरी बारीक अक्षरात असते, सापडली की कॅलेंडरवर लिहा. कंपनीच्या तक्रार विभागाने दाद दिली नाही तर विमा लोकपाल किंवा विमा नियामकाकडे जायचा मार्ग अनेक देशांत आहे. तिथे वकील लागतोच असं नाही. रुग्णाने स्वतः पत्रव्यवहार करू नये, जवळच्या कुणीतरी हे काम अंगावर घ्यावं. उपचार घेणाऱ्या माणसाला तेवढं बळ उरलेलं नसतं.

काहीच मिळणार नसेल तर निदान काय वाचवू?

रेडिएशनपूर्व किंवा हाडांच्या औषधापूर्वीची तपासणी आणि संसर्ग असलेले दात काढणं. बाकी सगळं यानंतर. कॅन्सर रुग्णालयात दंतविभाग असेल तर तिथेच करा, कारण बिल एकाच फायलीत राहतं. नसेल तर दंत महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात खर्च कमी येतो आणि जबड्याचे तज्ज्ञही असतात. रुग्णालयातल्या समाजसेवकांना मदतनिधींची माहिती असते, त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा.

कागदपत्रं किती वर्षं ठेवायची?

जन्मभर. रेडिएशन झालेल्या जबड्याला असलेला धोका वर्षं उलटली म्हणून संपत नाही. डिस्चार्ज समरी, एक्स-रे आणि विम्याचा पत्रव्यवहार यांच्या जोडीला रेडिएशन विभागाकडून एक गोष्ट मुद्दाम मागून घ्या : जबड्याच्या कोणत्या भागावर किती ग्रे पडले त्याचा तक्ता. तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दंतवैद्य बदलला तर पहिल्याच भेटीत तो दाखवा. ज्या दाढेजवळ मात्रा जास्त पडली आहे, ती काढण्याचा निर्णय त्यांनी रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये, आणि त्या बोलण्याची दोन ओळींची लेखी नोंद तुमच्या फायलीत असावी. पुढच्या दाव्याला तीच लागते.